मुरबाड परिसरासाठी जुने भूमापन नकाशे कसे वापरावेत?

प्रश्न (मुलुंड): मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतील जुन्या पाऊलवाटा, पाणवठे व वाड्या शोधण्यासाठी सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे उपयोगी पडतील का? सुरुवात कोणत्या नकाशापासून करावी?

उत्तर (दादर): नक्कीच. आपला भाग ४७ ई या क्रमांकाच्या नकाशा-पत्रकांत येतो. जुन्या नकाशांचे प्रमाण एक मैलास एक इंच, म्हणजे १:६३,३६० आहे. नंतरचे १:५०,००० चे. वैशाखरेहून नाणेघाटाकडे जाताना समोच्चरेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) एकमेकींना चिकटू लागल्या की कडा आला असे समजावे आणि तुटक रेषेने दाखवलेली पाऊलवाट त्यांतून कोणत्या खिंडीत शिरते, ते भिंगाखाली सावकाश पाहावे. निळी रेषा पाण्याची, तर काळी कोरड्या ओढ्याची असते; उन्हाळ्यात हा फरक फार मोलाचा ठरतो.

उत्तर (बोरिवली): भातसा धरणापूर्वीची आवृत्ती मिळाल्यास आता जलाशयाखाली असलेले खोरे पाहता येईल. मात्र जुने नकाशे एव्हरेस्ट संदर्भप्रणालीवर (अक्षांश-रेखांश मोजण्याच्या जुन्या पायावर) आहेत, त्यामुळे त्यांवरचे अक्षांश-रेखांश मोबाइलच्या जीपीएसशी थेट जुळत नाहीत. देऊळ, घाटमाथा अशा न हललेल्या खुणा धरून नकाशा आधी जुळवून घ्यावा. वाट अजून चालती आहे का, हे मात्र गावातल्या जाणत्यांनाच विचारावे.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. प्रथम वैशाखरे-नाणेघाट वाट तपासतो.