मदत हवी आहे: पेजमेकरमधल्या जुन्या ओव्या युनिकोडमध्ये कशा आणायच्या?

नमस्कार मंडळी,

बाबांचं डीटीपीचं दुकान होतं. परवा कपाट आवरताना एक सीडी सापडली, वर त्यांच्याच अक्षरात 'आक्का ओव्या फायनल २'. आक्का म्हणजे माझी आजी. तिच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी २००१ साली टाइप करून ठेवल्या होत्या, ९० पानं. छापायचं राहूनच गेलं.

फाइल पेजमेकर ६.५ची (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर). लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये उघडली तर रोमन अक्षरांची खिचडी. जुन्या हार्डडिस्कवरचा शिवाजी फॉन्ट टाकल्यावर ओव्या दिसल्या. (तेव्हा रडू आलं, ते असो.) पीडीएफ काढली, छान दिसते, पण 'विठ्ठल' शोधलं तर एकही सापडत नाही! जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढलं तर 'कीर्तन'चं 'कीतर्न' होतं. आता ९० पानं हाताने टाइप करू? आणि ठेवू कशात? भाचा म्हणतो वर्ड, चुलतभाऊ म्हणतो पीडीएफ पुरे.

प्रतिसाद:
टाइप नका करू. शिवाजीसारख्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवले होते; युनिकोडमध्ये मराठी अक्षरांना स्वतःच्या जागा असतात. पीडीएफमध्ये वर 'विठ्ठल' दिसतो, खाली रोमनच आहे. शोध लागणार कसा? शिवाय आपण पहिली वेलांटी अक्षराआधी मारायचो आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट, म्हणून कन्व्हर्टर तिथेच आपटतो. पण चुका ठरावीक असतात, फाइंड-रिप्लेसने बऱ्याच निघतात.

सुधारलेला मजकूर आधी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा, सेव्ह करताना यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) निवडा. ती कशातही उघडते. मांडणीसाठी ओडीटी (लिब्रेऑफिसची फाइल) घ्या किंवा डॉकएक्स (वर्डची), दोन्ही आयएसओ म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. पानं जशीच्या तशी जपायला पीडीएफ/ए. हे २००५चं मानक खास जतनासाठीच आहे, त्यात फॉन्ट फाइलच्या आतच बसवावा लागतो. मात्र ती युनिकोड मजकुरावरून काढा, नाहीतर पुन्हा तोच घोळ. मूळ फाइल आणि शिवाजी फॉन्टही टाकून देऊ नका.

धागाकर्ती:
खूप आभार! पहिली १० पानं झाली. एकच अडलंय. आक्का 'इठ्ठल' म्हणायची. बाबांनी काही ओव्यांत 'इठ्ठल' ठेवलाय, काहींत 'विठ्ठल' केलाय. तिच्या आवाजाची कॅसेट नाही. हे असंच राहू देऊ का?