पावडर पाण्यात टाकून उन्हात ठेवली की हायड्रोजन? मग गच्चीवर का नाही करत कोणी?

उन्हाळी_पाखरू: एमएस्सीच्या सेमिनारला फोटोकॅटॅलिसिस (उजेडाच्या जोरावर रासायनिक क्रिया घडवणं) घेतलंय. टायटॅनियम डायऑक्साइडच्या पावडरवर उजेड पाडला की पाणी फुटून हायड्रोजन-ऑक्सिजन निघतात म्हणे, मग आधी सोलर पॅनल, मग इलेक्ट्रोलायझर (विजेने पाणी फोडणारं यंत्र) एवढा उपद्व्याप कशाला?

बेंझीनवाला: अरे त्याला फक्त यूव्ही (अतिनील उजेड) चालतो ना. बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन उडवायला लागणारी कमीत कमी ऊर्जा, साधारण 3.2 इव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट), आणि उन्हात यूव्ही जेमतेम 4-5 टक्के, बाकीचं ऊन वाया. थिअरीत पाणी फोडायला 1.23 इव्ही पुरतात पण प्रत्यक्षात जास्तच लागतात. आणि हो, 1972 मध्ये जपानच्या फुजिशिमा-होंडांनी हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा पावडर नव्हतीच, टायटॅनियम डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड होता आणि समोर प्लॅटिनम, सेमिनारमध्ये हे सगळे चुकवतात.

लॅबमधला_उंदीर: जपानमध्येच डोमेन या संशोधकाच्या टीमने 100 चौरस मीटरचं पॅनल उघड्यावर चालवून दाखवलं, 2021 चा पेपर आहे, अ‍ॅल्युमिनियम घातलेलं स्ट्रॉन्शियम टायटॅनेट वापरलंय, पण एफिशियन्सी (उन्हातली किती ऊर्जा हायड्रोजनमध्ये गेली) जास्तीत जास्त 0.76 टक्के!! त्यात हायड्रोजन-ऑक्सिजन एकत्रच बाहेर येतात, ठिणगी पडली की खेळ खल्लास, म्हणून मेंब्रेनने (गाळणाऱ्या पातळ पडद्याने) वेगळे करावे लागतात. गच्चीचा विचार सोड बाबा.

उन्हाळी_पाखरू: बापरे. पण काही पेपरात तर भरमसाट हायड्रोजन दाखवलाय?

लॅबमधला_उंदीर: त्यात मेथॅनॉल किंवा ट्रायइथॅनॉलअमीन घातलंय का बघ. ते होल (इलेक्ट्रॉन उडाल्यावर मागे उरलेली धन जागा) खाऊन टाकतं, ऑक्सिजन बनवायचं अवघड काम वाचतं आणि आकडे फुगतात. ते काही निव्वळ पाणी फोडणं नव्हे.