राइनहार्ट मोन यांनी बेर्टेल्समान कंपनी खरंच दान केली का?

खतावणी:
बेर्टेल्समान या प्रकाशन-माध्यम समूहाचे जर्मन प्रकाशक राइनहार्ट मोन (1921–2009) यांच्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. ‘आपली कंपनी समाजाला देऊन टाकली’ असं बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकलेलं दिसतं. मग कंपनीवर आजही मोन कुटुंबाची पकड कशी? नेमकं दिलं काय? शिवाय एका ओळखीच्या संस्थेला हवंय : मोन यांच्या फाउंडेशनकडे अनुदानासाठी अर्ज करता येतो का?

पाटीपेन्सिल:
भांडवल आणि मताधिकार वेगळे धरा, म्हणजे कोडं सुटेल. 1977 साली त्यांनी ग्युटर्सलो या आपल्या गावी बेर्टेल्समान फाउंडेशन काढलं आणि 1993 मध्ये कंपनीच्या भांडवलातला 68.8 टक्के हिस्सा त्याच्या नावे केला. त्यातून फाउंडेशनला लाभांश मिळतो. पण सर्वसाधारण सभेतली मतं आहेत बीव्हीजी नावाच्या वेगळ्या छोट्या कंपनीकडे, 1999 पासून. त्या कंपनीत कुटुंबाचे लोक बसतात. थोडक्यात, नफ्याचा मोठा वाटा गेला, सुकाणू घरातच राहिलं.

फायदे उघड आहेत. सार्वजनिक हिताच्या फाउंडेशनला दिलेल्या हिश्श्यावर जर्मनीत वारसा कर किंवा देणगी कर लागत नाही. वारसांत वाटण्या होऊन कंपनीचे तुकडे पडत नाहीत, आणि बाहेरचा कोणी शेअर गोळा करून ताबा घेऊ शकत नाही. टीकाकार याला करबचत म्हणतात, समर्थक दूरदृष्टी. माझ्या मते दोन्ही खरं आहे.

बाराखडी:
या रचनेची परीक्षा 2001 नंतर झाली, लेखात ते जरूर घ्या. आरटीएल टीव्हीमधला 30 टक्के हिस्सा मिळवण्यासाठी कंपनीने बेल्जियमच्या जीबीएल या गुंतवणूक समूहाला स्वतःचे 25 टक्क्यांच्या आसपास शेअर दिले. त्यासोबत ते शेअर बाजारात आणायचा हक्कही दिला. गोम तिथेच होती. जीबीएलने हक्क बजावायचं ठरवल्यावर कुटुंबाला बाजारात जायचं नव्हतं, म्हणून 2006 मध्ये तोच हिस्सा 4.5 अब्ज युरोंना परत घ्यावा लागला. कर्ज फेडायला संगीत प्रकाशनाचा व्यवसाय विकला.

खतावणी:
पण मुळात एवढा पैसा आला कुठून? युद्धानंतर तर छापखान्याचा ढिगारा झाला होता ना?

बाराखडी:
हो. मोन 1943 मध्ये ट्युनिशियात पकडले गेले, अमेरिकेत कॅन्सासच्या युद्धकैदी छावणीत राहिले आणि 1946 ला परतले. खरी उडी 1950 च्या ‘लेझेरिंग’ या पुस्तक क्लबने घेतली. सभासदाने दर तिमाहीला एक पुस्तक घ्यायचं, काहीच निवडलं नाही तर क्लबने ठरवलेलं पुस्तक घरी यायचं. म्हणजे मागणी आधीच बांधलेली, छपाईची संख्या अंदाजाने ठरवायची गरज नाही. हुशारी अशी, की पुस्तकविक्रेत्यांना त्यांनी शत्रू केलं नाही. सभासद दुकानदारच जमवायचे, कमिशन त्यांचं. चार वर्षांत दहा लाख सभासद झाले.

पाटीपेन्सिल:
अनुदानाचं : अर्ज पाठवू नका, वेळ वाया जाईल. टाटा ट्रस्ट बाहेरच्या संस्थांना निधी देतात, तशी ही नाही. फाउंडेशन आपले प्रकल्प स्वतः आखतं आणि स्वतःच राबवतं. ग्युटर्सलोचं शहर वाचनालय त्यांनी नगरपालिकेच्या भागीदारीत उभारलं, 1984 मध्ये खुलं झालं. स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या अल्कुडिया गावातलं वाचनालयही त्यांचंच. 1994 पासूनचं उच्च शिक्षण केंद्र सीएचई विद्यापीठांची क्रमवारी काढतं. वाद सगळ्यात जास्त यावरच. निवडून न आलेली, एका खाजगी कंपनीची मालक असलेली संस्था शिक्षणधोरणाला दिशा देते, असा विरोधकांचा मुद्दा आहे.

शाईदौत:
एक भाग कोणी काढला नाही. नाझी सरकारने आपलं प्रकाशन विरोधक म्हणून बंद पाडलं, असं कंपनी अनेक वर्षं सांगत आली. इतिहासकार सॉल फ्रीडलेंडर यांच्या आयोगाने 2002 मध्ये हे खोडून काढलं. राइनहार्टचे वडील हाइनरिश एसएस या नाझींच्या निमलष्करी संघटनेचे वर्गणीदार पाठीराखे होते आणि कंपनी लष्कराला पुस्तकं पुरवणारी मोठी प्रकाशक होती. आयोग कंपनीनेच नेमला आणि अहवाल छापला, हेही लिहा.

आणि आकड्यांत घोळ होऊ देऊ नका : 68.8 हा 1993 चा, एका फाउंडेशनचा आकडा. आजचे 80.9 टक्के तीन फाउंडेशनांचे मिळून आहेत, उरलेले 19.1 कुटुंबाचे.