१४ फुटी अ‍ॅल्युमिनियम बोट: ३० पौंडी मोटरऐवजी ५५ पौंडी जीपीएसवाली, लिथियम आणि मोठा फिशफाइंडर. वायरिंग कसं करावं?

तळ्याकाठी

नमस्कार. मिनेसोटातल्या तळ्यांवर वापरायच्या छोट्या बोटीबद्दल विचारायचं आहे.

बोट १४ फुटी, रिव्हेटची, व्ही तळाची. मागे ९.९ अश्वशक्तीचं दोरी ओढून सुरू होणारं टिलर इंजिन. सध्या ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या भिंतीवर) ३० पौंड थ्रस्टची, म्हणजे ढकलण्याच्या जोराची, पाच स्पीडची, हाताने वळवायची, विजेवरची ट्रोलिंग मोटर आहे. मागच्या बाकाखाली ग्रुप २७ आकाराची पाणी भरायची लीड-अ‍ॅसिड बॅटरी, आणि तिच्यावरच चार इंची फिशफाइंडर (मासे आणि खोली दाखवणारा सोनारचा स्क्रीन). मोटर चौथ्या-पाचव्या स्पीडला टाकली की फिशफाइंडर बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

आता पुढच्या टोकाला ५५ पौंडी, १२ व्होल्टची, जीपीएसने जागेवर थांबणारी मोटर बसवायची आहे. शिवाय १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणि सात इंची फिशफाइंडर. दोन माणसं आणि सामान धरून एकूण वजन साधारण ९०० पौंड. बॅटरीपासून पुढच्या टोकापर्यंत वायरच्या वाटेने १२ फूट, आणि पुढच्या काठाची पाण्यापासून उंची २१ इंच.

वायर किती जाड घ्यावी? फिशफाइंडर त्याच बॅटरीवर ठेवला तर चालेल का? आणि अ‍ॅल्युमिनियमला भोकं पाडताना काय सांभाळावं?

गेज_चार

खरेदीआधी फिशफाइंडरचं दुखणं समजून घ्या, नाहीतर तेच नव्या मोटरबरोबर वाढून येईल. बहुतेक फिशफाइंडरांना किमान १० व्होल्ट लागतात. मोटरने जोरात करंट ओढला की थकलेल्या बॅटरीचं व्होल्टेज बसतं. त्यात फिशफाइंडरची वायर मोटरच्या वायरवरच जोडलेली असेल तर त्या वायरमधली घटही त्याच्या वाट्याला येते. फिशफाइंडर बिघडलेला नाही, तो उपाशी आहे.

५५ पौंडी मोटर पूर्ण वेगाला ५० अँपिअरपर्यंत ओढते. १२ फूट अंतर म्हणजे जाऊन-येऊन २४ फूट तांबं. गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड. ५० अँपिअरला १० गेजच्या वायरमध्ये १.२ व्होल्ट वाटेतच जातात, ८ गेजमध्ये ०.७५, ६ गेजमध्ये ०.४७ आणि ४ गेजमध्ये ०.३. घट ३ टक्क्यांच्या आत, म्हणजे १२ व्होल्टवर ०.३६ च्या आत ठेवायची तर सध्याच्या जागेवरून ४ गेजच लागेल. मोटर कंपन्यांच्या तक्त्यात अंतर एकेरी धरलेलं असतं, तेव्हा तक्ता वाचताना दुप्पट करू नका.

पण त्याहून चांगला उपाय आहे: बॅटरीच मधल्या बाकाखाली आणा. अंतर सात फुटांवर येतं, ६ गेजमध्ये घट ०.२८ व्होल्टवर येते, आणि मागचं वजनही कमी होतं. टिलर चालवणारा, इंजिन आणि पेट्रोलची टाकी हे सगळं आधीच मागे असतं.

वायर बोटीसाठीचीच घ्या, प्रत्येक तार कथलाचा मुलामा दिलेली. गाडीच्या दुकानातली स्वस्त वायर पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते. त्याच जाडीला तिचा रोध जास्त, आणि ओलाव्यात ती आतून भुकटी होते.

पॉझिटिव्हवर ६० अँपिअरचा, हाताने रीसेट होणारा, मरीन दर्जाचा ब्रेकर लावा. एबीवायसीचा (बोटींचे मानक ठरवणारी अमेरिकन संस्था) मूळ नियम बॅटरीपासून ७ इंचांच्या आत असा आहे. वायर थेट बॅटरीच्या टोकाला जोडलेली आणि पूर्ण आवरणातून नेलेली असेल तर ७२ इंचांपर्यंत सूट मिळते. लिथियमच्या टोकावरच बसणारा फ्यूज मिळतो, मला तो सगळ्यात पसंत आहे. नकली ब्रेकर उन्हात तापले की ४० अँपिअरलाच उडतात आणि दोष मोटरला लागतो.

आता लग, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी. यात घाई नको. लगच्या नळीत जेवढी वायर जाते त्याहून जेमतेम सोळांश इंच जास्त सोला. एकही तार तुटलेली नको, तुटली तर टोक कापून पुन्हा सोला. आधी आतून गोंद असलेली हीट-श्रिंक वायरवर ओढून घ्या, मग लग चढवा. क्रिंप करताना हातोड्याने ठोकायचा साचा वापरू नका, षटकोनी डायचं लांब दांड्याचं हत्यार घ्या. नुसतं डाग देऊन जोडू नका. सांधा तापला की डाग मऊ होतो, आणि जिथे डाग संपतो तिथे वायर कडक होऊन हादऱ्याने तुटते. हीट-श्रिंक तापवल्यावर दोन्ही कडांना गोंदाची बारीक कड बाहेर आलेली दिसली पाहिजे. मग लग व्हाइसमध्ये धरून जोरात ओढा. ४ गेजच्या क्रिंपने ७० पौंडांचा ताण एक मिनिट सोसायला हवा. बॅटरीवर विंग नट (हाताने फिरवायचा पंखवाला) नको, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, ढिला न होणारा) लावा. एबीवायसीही ६ गेज आणि त्याहून जाड वायरला विंग नट चालवून घेत नाही. ढिल्या विंग नटनेच बॅटरीचं टोक वितळतं.

शेवटी तपासणी. बोट पाण्यात बांधून मोटर पूर्ण वेगाला ठेवा. मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी मोटरच्या प्लगच्या पॉझिटिव्हवर. जो आकडा येईल तीच त्या बाजूची घट. ती ०.२ च्या आत हवी. निगेटिव्हचंही तसंच करा. जास्त आली तर एकेक सांधा ओलांडून मोजत जा, दोषी सांधा दहा मिनिटांत सापडतो. मोटर हवेत फिरवून हे मोजू नका, भार नसला की करंट फारच कमी ओढला जातो.

वल्हेकरी

वायरिंगशी पूर्ण सहमत. थ्रस्टचं सांगतो.

भरलेल्या बोटीच्या दर १०० पौंडांना किमान २ पौंड थ्रस्ट हा नियम. तुमच्या ९०० पौंडांना १८ पुरतात. पण तो नियम शांत पाण्याचा आहे. जीपीएसने वाऱ्यात जागेवर थांबायचं तर दुप्पट-तिप्पट हाताशी हवा. ५५ बरोबर आहे. १२ व्होल्टमध्ये साधारण एवढीच मजल असते.

शाफ्टच्या लांबीत बहुतेक जण चुकतात. पाण्यापासून बसवायच्या पृष्ठभागापर्यंतची उंची १६ ते २२ इंच असेल तर तक्ता ४२ ते ४५ इंची शाफ्ट सांगतो. तुमची २१ आहे, म्हणजे काठावर. खाली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घातलीत की इंच-दीड इंच वाढणार. लाट आली की पंखा हवा ओढतो, मोटर गुरगुरते, बोट सरकते, आणि जीपीएस पुन्हा खेचायला जोर लावतं. बॅटरी अशीच संपते. ४८ च्या आसपासचा शाफ्ट घ्या. जास्तीचा वर ओढून ठेवता येतो, कमी पडला तर जोडता येत नाही.

या मोटरी ४०-५० पौंडांच्या असतात. ट्रेलरवर हादरे बसतात, तेव्हा शाफ्टला आधार देणारा पट्टा हवाच. आणि बोटीवरची कपॅसिटी प्लेट (किती वजन चालतं ते लिहिलेली पट्टी) बघा. २० फुटांखालच्या अशा बोटींना ती १९७२ पासून सक्तीची आहे. बॅटरी आणि मोटर त्या वजनात धरायची.

जुनी पाच स्पीडची मोटर लिथियमवर चालवायचा विचार असेल तर सोडा. ती हळू चालताना उरलेली वीज रेझिस्टन्सच्या कॉइलमध्ये उष्णता करून घालवते. नव्या मोटरी करंट तुकड्या-तुकड्यांनी देतात, म्हणून मंद वेगाला कितीतरी जास्त टिकतात.

वाऱ्यावरची

थोडं वेगळं मत. धागाकर्ते मिल लॅक्ससारख्या उघड्या, उथळ तळ्यावर जाणार असतील तर २४ व्होल्टची ८० पौंडी मोटर बघावी. ५० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या तर साठा तेवढाच, १२८० वॉट-अवर, आणि वजनही जवळपास तेवढंच. ८० पौंडी मोटर पूर्ण वेगाला ५६ अँपिअर ओढते, म्हणजे वायर फारशी जाड करावी लागत नाही. घट तेवढीच राहते, पण २४ व्होल्टमध्ये तिची टक्केवारी अर्धी होते. दोन अटी: बॅटऱ्या सिरीजसाठी मान्य केलेल्या आणि एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. आणि १२ व्होल्टचं कुठलंही यंत्र त्यातल्या एकाच बॅटरीवरून घेऊ नये, दोघींचा तोल बिघडतो आणि एकीचं बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) आधी बंद पडतं.

वल्हेकरी

मुद्दा योग्य. पण ८० पौंड लागावेत असा वारा असेल तेव्हा १४ फुटी बोट त्या तळ्यावर नसावीच. लहान तळ्यांसाठी मी ५५ वरच राहीन.

रिव्हेट

अ‍ॅल्युमिनियमबद्दल.

पुढच्या टोकाला मोटरखाली सपाट बैठक लागते. पाव इंची अ‍ॅल्युमिनियम प्लेट उत्तम. प्लायवूड वापरायचं असेल तर मरीन प्लाय घ्या, एपॉक्सी लावून बंद करा. वाळवी-बुरशीपासून बचावासाठी प्रक्रिया केलेलं हिरवट लाकूड मुळीच नको. त्यात तांब्याचे क्षार असतात. ओलाव्यात ते अ‍ॅल्युमिनियमला टेकले की पत्र्याला खड्डे पडून आरपार भोकं होतात. तळाच्या फळ्या बदलताना ही चूक हमखास होते.

बोल्ट पाव इंची स्टेनलेस, आरपार, खाली मोठे वॉशर आणि नायलॉक. स्टेनलेस अ‍ॅल्युमिनियमला जिथे टेकतं तिथे टेफ-जेल (दोन धातूंमधला गंज रोखणारं मलम) लावा, शक्य तिथे नायलॉनचा वॉशर. गोड्या पाण्यात गंज सावकाश चढतो हे खरं, पण मिनेसोटात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. एप्रिलमध्ये ट्रेलर ओढला की ते मीठ बोटीच्या सांध्यांत बसतं. घरी आल्यावर धुवून काढा. पितळी फिटिंग कुठेच नको.

इंजिनला इलेक्ट्रिक स्टार्ट आणि बॅटरी असेल तर निगेटिव्ह इंजिनच्या ब्लॉकमधून बोटीच्या पत्र्यावर आपोआप येतं. म्हणजे पॉझिटिव्ह वायर कुठे घासून उघडी पडली की थेट शॉर्ट. तुमचं दोरीचं इंजिन आहे, तरी सवय तीच ठेवा. बाकाच्या पत्र्यातून वायर नेताना प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट, दर १८ इंचांना क्लॅम्प. पत्र्याचा निगेटिव्ह म्हणून उपयोग कधीही करू नका. आणि बाकाखालचा फोम जागा करण्यासाठी काढू नका. बोट पाण्याने भरली तर तोच तरंगत ठेवतो.

ट्रान्सड्यूसरसाठी (फिशफाइंडरचा पाण्यात राहणारा सेन्सर) ट्रान्समला थेट भोकं पाडू नका. अर्ध्या इंची प्लास्टिकचा, एचडीपीईचा बोर्ड पाण्याच्या रेषेवर बोल्टने एकदाच पक्का करा, पुढे किती का ट्रान्सड्यूसर बदला, स्क्रू त्या बोर्डातच जातील. भोकात सीलंट भरा, पण ३एमचं कायमचं चिकटणारं ५२०० नको, त्यांचंच ४२०० पुरे. एचडीपीईला कुठलाच गोंद नीट धरत नाही, म्हणून बोल्टच हवेत.

जागा उजवीकडची. नेहमीचा पंखा मागून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, तेव्हा उजवीकडे पातं खाली येतं आणि तिथे बुडबुडे कमी. पंख्यापासून किमान १५ इंच. तळावर रिव्हेटची रांग किंवा पट्टी ज्या रेषेत मागे येते ती रेषा टाळा, तिच्यामागे बुडबुड्यांची धार असते आणि वेगात स्क्रीन कोरी पडते. खोलीसाठी सूचनापत्रक बघा. गार्मिन अ‍ॅल्युमिनियम बोटींना तळाच्या १० मिलिमीटर खाली सांगते, फायबरला ३.

तळ्याकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. बॅटरी मधल्या बाकाखाली, ६ गेज आणि ४८ इंची शाफ्ट नक्की केलं. दोन गोष्टी राहिल्या. फिशफाइंडरला वेगळी बॅटरी घ्यायचीच का? आणि जुना चार्जर लिथियमला चालेल का?

गेज_चार

फिशफाइंडर लिथियमवर बंद पडणार नाही, कारण पन्नास अँपिअरलाही तिचं व्होल्टेज १२ च्या वरच राहतं. तरी वेगळी घ्या. कारण व्होल्टेजचं नाही, विजेतल्या आवाजाचं (इलेक्ट्रिकल नॉइजचं) आहे. मोटर करंट तुकड्यांनी घेते, आणि ती खडखड त्याच बॅटरीवरून फिशफाइंडरमध्ये शिरते. मोटर मध्यम वेगाला आली की स्क्रीनवर ठिपक्यांच्या उभ्या रेघा येतात ना, त्या त्याच. २० अँपिअर-अवरची छोटी लिथियम पुरते: सात इंची यंत्र साधारण १ अँपिअर घेतं. पुढे लाइव्ह सोनार (मासे हलताना दाखवणारा) लावलात तर त्याचा बॉक्स अजून २० वॉटच्या आसपास घेईल, तरी सात तास निघतील. १४ गेजची जोडी थेट त्या छोट्या बॅटरीपर्यंत न्या, फ्यूज सूचनापत्रकातला. ट्रान्सड्यूसरची केबल मोटरच्या जाड वायरीपासून फूटभर दूर ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा, समांतर बांधू नका. उरलेली केबल गोल गुंडाळी करून मोटरजवळ ठेवू नका.

तरीही रेघा दिसल्या तर मोटर चालू ठेवून ट्रान्सड्यूसरची केबल फिशफाइंडरमधून काढा. रेघा गेल्या तर आवाज केबलमधून येतोय, तिची वाट बदला. राहिल्या तर वीजपुरवठ्यातून येतोय.

जुना चार्जर नको. लीड-अ‍ॅसिडचे काही चार्जर मधूनच सल्फेट काढण्यासाठी १५ व्होल्टच्या वर चढतात. त्याने बीएमएस चार्जिंग तोडतं, आणि पुन्हा पुन्हा तसं होणं चांगलं नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटचा, १४.४ ते १४.६ व्होल्टवर थांबणारा घ्या. शून्य अंश सेल्सिअसखाली ही बॅटरी कधीही चार्ज करू नका, पेशींवर लिथियमचा थर बसतो आणि क्षमता कायमची जाते. मे महिन्यातल्या पहाटे वापरायला हरकत नाही, पण चार्ज गॅरेज गरम झाल्यावर. थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारं बीएमएस असलेलीच घ्या. हिवाळ्यात निम्म्यावर ठेवून, सगळ्या वायरी काढून आत आणा.

अजून एक: ब्रश असलेली मोटर लिथियमवर सतत पूर्ण वेगाने चालवू नका. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत चढं राहतं, मोटरला विसावा मिळत नाही. मिन कोटा या मोटर कंपनीच्या सूचनापत्रकात ८५ टक्क्यांच्या वर जास्त वेळ चालवू नये असं लिहिलेलं आहे. तळ्याच्या पलीकडे जायचं तर इंजिन सुरू करा. आणि ट्रेलरवर चढवण्याआधी ब्रेकर पाडा, प्लग काढा. हादऱ्याने पेडल दाबलं गेलं तर रस्त्यावर पंखा फिरायला लागतो.