गट बदलून फवारणी करा, हा सल्ला पांढऱ्या माशीपुढे पुरेसा आहे का?

शिवारकर (धागाकर्ता)

कापसावरील रसशोषक किडींचा विषय निघाला की सलग दोन फवारण्यांत एकाच गटाचे औषध घेऊ नका, असे हमखास सांगितले जाते. माझ्या मते हा सल्ला अर्धवट आहे. औषधांचे गट ती किडीच्या शरीरात नेमका कुठे घाव घालतात त्यावरून पाडलेले आहेत. पण तिथे पोहोचण्याआधीच किडीची विकरे (शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, एन्झाइम) औषधाचे काय करतात, याचा या वर्गीकरणाशी काहीही संबंध नाही.

पांढऱ्या माशीचे उदाहरण घ्या. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक 4ए गटात येते आणि पायमेट्रोझिन 9बी गटात (हे या वर्गीकरणातले गटांचे क्रमांक), म्हणजे आलटूनपालटून वापरण्यासाठी कागदावर ही जोडी उत्तम. प्रत्यक्षात प्रतिकारक्षम माशीमध्ये सायटोक्रोम पी450 या विषे मोडणाऱ्या विकरांच्या कुळातील सीवायपी6सीएम1 हे जनुक नेहमीपेक्षा कितीतरी अधिक कार्यरत असते, आणि त्यापासून बनणारे विकर या दोन्ही औषधांच्या रेणूंना हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) चिकटवून त्यांचा विषारीपणा घालवते. उलट ॲसिटामिप्रिड हे इमिडाक्लोप्रिडच्याच गटातले असूनही प्रयोगशाळेतील चाचण्यांत या विकराला त्याचे विघटन करता आलेले नाही. म्हणजे गट बदलूनही निवडीचा दाब त्याच जनुकावर पडत राहू शकतो, ते जनुक जोरात चालणाऱ्या माश्याच वाचतात आणि वाढतात.

बांधावरचा

विज्ञान मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. बीटी कापसाच्या बियाण्याला बहुधा इमिडाक्लोप्रिड चोळलेलेच असते. पुढे तुडतुडे दिसू लागले की पहिली फवारणी पुन्हा इमिडाक्लोप्रिडची नाहीतर थायामेथोक्झामची, म्हणजे 4ए गटातलीच. पुडीवरचे व्यापारी नाव बदलले की औषध बदलले असे वाटते, कारण तांत्रिक घटकाचे नाव बारीक अक्षरांत असते आणि कृषी सेवा केंद्रात ते क्वचितच कोणी वाचून दाखवतो. जिथे गट बदलणेच अजून रुजलेले नाही, तिथे तो सल्ला अर्धवट आहे असे जाहीरपणे म्हटले तर लोक उरलेला अर्धाही सोडून देतील. शिवाय सगळा प्रतिकार विकरांमुळे येत नाही. पायरेथ्रॉइड या कीटकनाशकांच्या बाबतीत अनेकदा ती जिथे घाव घालतात त्या मज्जातंतूंवरील सोडियम वाहिनीतच बदल झालेला असतो, आणि तिथे वेगळ्या गटाचे औषध नक्की उपयोगी पडते.

रसायनी

दोघेही औषधाची अदलाबदलच करत आहात. विकरावरच हल्ला का करू नये? पिपरोनिल ब्युटॉक्साइड हा पदार्थ पी450 विकरांना रोखतो. पायरेथ्रिन या फुलांपासून मिळणाऱ्या कीटकनाशकासोबत घरगुती फवाऱ्यांमध्ये तो अनेक दशके वापरला जात आहे. शेतीच्या औषधांतही तो मिसळला तर जुनी, स्वस्त औषधे पुन्हा कामाला येतील.

शिवारकर

या उपायाला मी ठाम विरोध करीन, कारण पी450 विकरे प्रत्येक औषध निकामीच करतात असे नाही. क्लोरपायरिफॉस जसेच्या तसे फारसे प्रभावी नसते. किडीच्या शरीरातील हीच विकरे त्याचे ऑक्सॉन हे बदललेले रूप बनवतात तेव्हा ते घातक होते. डायफेंथियुरॉन आणि क्लोरफेनापिर यांनाही असेच सक्रिय व्हावे लागते. आपल्याकडे एकाच पंपात दोन-तीन औषधे ओतण्याची सवय आहे. त्यात हा रोधक पडला तर एका औषधाची धार वाढेल आणि दुसऱ्याची बोथट होईल, आणि कोणते का चालले नाही हे कोणालाही कळणार नाही. खरे तर याचा उलटा उपयोग अधिक विचार करण्याजोगा आहे. ज्या किडीत ही विकरे जास्त असतात, तिच्यावर क्लोरफेनापिरसारखे औषध अधिक प्रभावी ठरू शकते, आणि पायरेथ्रॉइडला दाद न देणाऱ्या तंबाखूच्या कळीवरील अळीत (हेलिओथिस व्हायरेसेन्स) असे आढळलेले आहे.

काळी माती

औषधांमुळे ही जनुके जन्माला आली, असा सूर इथे नकळत लागतो आहे, तो दुरुस्त व्हायला हवा. वनस्पतींची विषे पचवण्यासाठी कीटकांकडे ही यंत्रणा फार आधीपासून आहे. बोंडअळीतील, म्हणजे हेलिकोव्हर्पातील, सीवायपी6एई या समूहातील नऊ जनुके चिनी संशोधकांनी काढून टाकली, तेव्हा ती अळी काही वनस्पतिजन्य विषांना जशी बळी पडू लागली, तशीच एसफेनव्हॅलरेट आणि इंडॉक्साकार्ब या कीटकनाशकांनाही. तंबाखूवर जगणाऱ्या माव्यात निकोटिन पचवणारे सीवायपी6सीवाय3 हे जनुक आधीच अनेक प्रतींत वाढलेले होते, आणि निओनिकोटिनॉइड, म्हणजे इमिडाक्लोप्रिडच्या कुळातली निकोटिनसारखी औषधे, आली तेव्हा त्याला ते आयतेच उपयोगी पडले. त्यामुळे नवे औषध बाजारात आले की प्रतिकार शून्यापासून सुरू होतो, ही समजूतच चुकीची आहे.

बांधावरचा

हे सगळे खरे मानले, तरी ऑगस्टमध्ये शेतात उभ्या असलेल्या माणसाला यातून काय सांगायचे? प्रत्येक किडीसाठी कोणते विकर कोणता रेणू मोडते याचा तक्ता त्याच्या हाती द्यायचा का?

शिवारकर

त्याच्या हाती नाही, शिफारस लिहिणाऱ्याच्या हाती. शिफारशीत गटासोबत त्या किडीतील ज्ञात विकर-प्रतिकारही पाहिला गेला, तर पांढऱ्या माशीसाठी इमिडाक्लोप्रिडनंतर पायमेट्रोझिन सुचवले जाणार नाही, आणि शेतकऱ्याला मात्र पूर्वीसारखेच एक नाव मिळेल. दुसरे असे, की सीवायपी6सीएम1मुळे येणारा प्रतिकार प्रौढ माशीत तीव्र असतो आणि पिल्लांत बराच कमी. झाड हलवल्यावर उडणाऱ्या माश्या पाहून फवारणी ठरवण्यापेक्षा पानाच्या खालच्या बाजूची पिल्ले पाहून ठरवली, तर औषध किडीच्या कमजोर अवस्थेवर पडते.

बांधावरचा

पिल्लांचा मुद्दा मी उद्यापासून सांगायला तयार आहे, त्याला खर्च नाही. पण शिफारशीबाबत माझी शंका कायम आहे. एका जिल्ह्यातल्या माशीत विकरांचा प्रतिकार असेल आणि शेजारच्या जिल्ह्यात नसेल, तर पिपरोनिल ब्युटॉक्साइडसह आणि त्याशिवाय अशा दोन चाचण्या (रोधक घातल्यावर औषध जास्त चालले तर प्रतिकार विकरांचा) दर हंगामात जिल्हावार घेतल्याशिवाय तुमची शिफारसही अंदाजाचीच राहील. ते काम कोण करणार हे ठरेपर्यंत मी गट बदला असेच सांगत राहीन.

रसायनी

म्हणजे फवाऱ्यात नको असलेले पिपरोनिल ब्युटॉक्साइड चाचणीच्या बाटलीत तुम्हालाही लागतेच. निदान तिथपासून तरी सुरुवात करू.