संत्र्याला अंबियाचं (जानेवारी-फेब्रुवारीच्या बहाराचं) फूल नाही, नुसती पालवी. काय फवारू?

बगीचावाला_कळमेश्वर: लवकर सांगा कोणीतरी. फेब्रुवारी लागला, पाणी तोडून ताण दिला होता, संक्रांतीनंतर सोडलं, आता फुलं यायची तर नुसती पालवी निघून राहिली. थंडी यंदा पडलीच नाही, मधात ढगाळ होतं, पाऊसही शिंपडून गेला. शेजारचा बगीचा मात्र फुलावर आहे. काय फवारू?

काटोलकर: भाऊ, जमीन कोणती? झाडं किती वर्षांची, कलमाचा खुंट (खालचं मुळाचं झाड) जंबेरी की रंगपूर? पानं सुकली होती का ताणावर?

बगीचावाला_कळमेश्वर: काळी भारी. आठ वर्षांची, जंबेरी. पानं थोडी मलूल झाली होती. औषधाचं सांगा ना.

हिरवी_फांदी: जीए मारा, माझ्याकडं मस्त रिझल्ट आहे.

काटोलकर: जीए नका मारू! जिबरेलिक ॲसिड संत्र्यात फूल दाबतं. ते फळ धरल्यावर गळ थांबवायला वापरतात, तुमचा रिझल्ट तोच असेल.

हिरवी_फांदी: मी दरवर्षी मारतो, झाडं हिरवीगार असतात.

काटोलकर: हिरवीगार झाडं यांच्याकडं आत्ताही आहेत. फूल पाहिजे त्यांना.

वरुड_संत्रा: सायकोसेल, म्हणजे वाढ रोखायचं औषध, मारायचं होतं, लिटरला 2 मिली, भारी जमिनीत ताण बसत नाही तेव्हा तेच कामी येते. पण ताणाच्या वेळी. पालवी निघाल्यावर उपयोग नाही.

गच्चीवरची_बाग: नागपुरात सफरचंद येतं का हो? एचआरएमएन 99 लावायचं आहे. थंडीचे तास किती लागतात?

काटोलकर: ताई, वेगळा धागा काढा. सफरचंद पानं गाळून झोपतं, त्याला साधारण 7 डिग्रीखालचे तास मोजतात. संत्रा सदाहरित, त्याचं गणित वेगळं, 20 च्या खालचं तापमान काही आठवडे मिळालं तरी फूल ठरतं. नाहीतर पाण्याचा ताण. दोन्ही मिळाले तर बहार एकदम फुटतो. आभाळ असलं की रात्र थंड होत नाही, त्यात पावसानं ताण तुटला, म्हणून यंदा बऱ्याच ठिकाणी हेच चाललंय.

वरुड_संत्रा: 2018 च्या डिसेंबरात नागपुरात 3.5 पर्यंत उतरलं होतं, आठवते का? थंडीच्या भरवशावर आता बहार धरता येत नाही.

हिरवी_फांदी: थंडीचंच कारण असतं तर शेजाऱ्याला कशी आली फुलं?

काटोलकर: हे बरोबर विचारलं. बगीचावाले, धुऱ्याला लागून काय आहे तुमच्या?

बगीचावाला_कळमेश्वर: माझाच गहू. पाटानं ओलीत चालू आहे. पण ते वेगळं वावर आहे.

काटोलकर: वेगळं नाही राजेहो, काळ्या मातीत ओल पाझरते. मुळांना पाणी मिळत राहिलं, ताण बसलाच नाही. गव्हाच्या कडेच्या ओळी आणि पलीकडच्या ओळी पाहून सांगा, फरक दिसेल.

बगीचावाला_कळमेश्वर: पाहून आलो. पलीकडं कळ्या आहेत तुरळक. गव्हाकडच्या ओळीत एकही नाही.

वरुड_संत्रा: मंग कळ्या आहेत तिथं पाणी बेतानं चालू ठेवा. बाकीची झाडं मृग बहारावर घ्या, मे महिन्यात ताण, जूनच्या पावसावर फूल.

काटोलकर: आणि पाऊस लांबला तर? आधी विहिरीचं विचारा.

बगीचावाला_कळमेश्वर: मेमध्ये मोटर तासभर चालते.

काटोलकर: तेवढ्यात अख्खा बगीचा नाही निघणार. गव्हाकडच्या ओळीच फक्त मृगावर ठेवा. अन् पुढच्या डिसेंबरात त्या धुऱ्याला हरभरा घ्या, नाहीतर मधात खोल चर काढा.