हर्षा पहिली? मग दुर्गा कोण?

पंचवटीकर: काल इथे सिडकोवाल्यांनी लिहिलं, "भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी हर्षा. 6 ऑगस्ट 1986, मुंबईचं केईएम. त्याआधीचे दावे म्हणजे बंगाली भावनिकता." वाचून गप्प बसवेना. डॉ. सुभाष मुखोपाध्यायांची दुर्गा कोलकात्यात 3 ऑक्टोबर 1978ला जन्मली, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, इंग्लंडची लुईस ब्राऊन, हिच्यानंतर सव्वादोन महिन्यांनी. लुईसच्या जन्मामागच्या एडवर्ड्स-स्टेप्टोंनी नैसर्गिक चक्रातलं स्त्रीबीज लॅप्रोस्कोपीनं, म्हणजे पोटाला छोटं छिद्र पाडून, काढलं होतं. मुखोपाध्यायांनी हार्मोनची इंजेक्शनं दिली, योनिमार्गातून बीजं काढली, भ्रूण गोठवला आणि नंतरच्या चक्रात गर्भाशयात सोडला. आज आपल्या नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या टेस्ट ट्यूब सेंटरांत काय वेगळं चालतं?

सिडकोवाला: शब्द मागे घेणार नाही. हर्षाच्या जन्मामागच्या इंदिरा हिंदुजा आणि आनंद कुमार यांच्या कामाची टप्प्याटप्प्याची नोंद आहे. मुखोपाध्यायांनी सरकारी चौकशी समितीसमोर दुर्गाच्या आईबापांची ओळखही उघड केली नाही. मग कुणी का मानावं?

पंचवटीकर: त्या कुटुंबाला गवगवा नको होता, म्हणून! पेशंटची नावं चव्हाट्यावर मांडायची होती का? समितीनं त्यांना खोटं ठरवलं, सरकारनं जपानला जाऊ दिलं नाही आणि 1981मध्ये या हार्मोनतज्ज्ञाची बदली केली डोळ्यांच्या संस्थेत. 19 जूनला त्यांनी आत्महत्या केली. एडिंबरोची पीएचडी असलेला माणूस हो!

देवळालीची ताई: गोठवलेल्या भ्रूणाचा विषय काढलाच आहे तर ऐका. आमचे तीन भ्रूण इथल्या एका सेंटरमध्ये ठेवलेत. दरवर्षी भाडं भरतो. ग्रेडिंगचा, म्हणजे भ्रूणांच्या प्रतीचा, कागद मागितला तर "मॅडम, तुम्हाला त्यातलं कळणार नाही." नवऱ्यानं गाडी विकली त्या उपचारासाठी.

गंगापूर रोड: ताई, मी लॅबमध्ये काम करतो. द्रवरूप नायट्रोजन उणे 196 अंशांना असतो, टाकी सतत भरावी लागते. भाडं फुकटचं नाही. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

देवळालीची ताई: भाड्याबद्दल कोण बोलतंय? कागद मागतेय मी! नायट्रोजनचे धडे नकोत. आमच्या पोटचा गोळा तुमच्या टाकीत आहे, तुमचा माल नाही तो.

गंगापूर रोड: आवाज चढवून काही होणार नाही. 2021च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांबद्दलच्या) कायद्यानं सेंटरला नोंदी ठेवाव्याच लागतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आणि हो, कागद न देणं चूकच. आमच्याकडेही पेशंटला टाळलेलं पाहिलंय मी.

सिडकोवाला: बघा, कागदाचंच महत्त्व मीही सांगतोय.

पंचवटीकर: मग कागदाचंच ऐका. हर्षाच्या जन्मामागचे शास्त्रज्ञ आनंद कुमार 1997मध्ये कोलकात्याला गेले, मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी वाचल्या आणि 'करंट सायन्स' या विज्ञान नियतकालिकात स्वतः लिहिलं की पहिला मान मुखोपाध्यायांचा. स्वतःचं पहिलेपण स्वतःच्या हातानं सोडलं त्यांनी. एवढ्या मोठ्या मनाचा संशोधक दुसरा दाखवा.

सिडकोवाला: आनंद कुमारांनी लिहिलंय म्हणून दुर्गा पहिली, हे मान्य. तुम्ही म्हणता म्हणून नाही. पण केईएमच्या टीमचं काम त्यामुळे कमी होत नाही, हेही तुम्ही मान्य करा.

पंचवटीकर: ते कमी आहे असं मी कुठे म्हटलं?

देवळालीची ताई: अर्ज मराठीत चालेल का? सोमवारी जातेय.

गंगापूर रोड: चालेल. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का मारून घ्या.